चष्म्याच्या घरातला कागद

घड्याळवाल्या काकांना खडखड सहन होत नसे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या मनगटी घड्याळात एखादा स्क्रू सैल असला तर तो काकांना दुकानात बसून ऐकू येतो, असं शेजारचा चप्पल दुरुस्त करणारा म्हणायचा. यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती. जिन्याखालच्या चार हातांच्या जागेत त्यांचं दुकान. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि एक ड्रॉवरभर जुने कागद. काढलेले काटे एका कागदाच्या घडीत, स्क्रू दुसऱ्या घडीत, काच तिसऱ्या. जिथे काही सैल असेल तिथे काका कागदाची घडी सरकवायचे आणि मगच त्यांना श्वास घेता यायचा. घरीही तेच. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी, खिडकीच्या फटीत घडी, साखरेच्या डब्याच्या झाकणात घडी. "माझं लग्न माणसाशी झालंय की रद्दीच्या दुकानाशी, तेच कळत नाही," काकू म्हणायच्या.

ही सवय एक दिवस काकूंच्याच मुळावर आली.

काकू पंचेचाळिसाव्या वर्षी कायद्याच्या कॉलेजात गेल्या. त्याआधी बावीस वर्षं त्या एका वकिलाच्या ऑफिसात फायली सांभाळत होत्या. अर्ज टाइप करायच्या, तारखा लिहायच्या, आणि साहेबांनी कोर्टात खरं तर काय बोलायला हवं होतं ते घरी येऊन काकांना ऐकवायच्या. "मग तूच का नाही होत वकील?" असं काका एकदा वैतागून म्हणाले. नवऱ्याने वैतागून म्हटलेलं बायका सहसा सोडून देतात. काकूंनी ते मनावर घेतलं.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पण सहा वर्षांत पुरा झाला नाही तर सगळं रद्द, असा कॉलेजचा नियम होता. ऑफिस, घर, मधे सासूबाईंचं दीड वर्षाचं आजारपण, यात वर्षं कशी गेली ते कळलंच नाही. एकेक करत सगळे पेपर सुटले. राहिला एकच, फौजदारी कायद्याचा. पहिल्या खेपेला तो चार मार्कांनी गेला होता. यंदाची परीक्षा ही सहाव्या वर्षातली शेवटची. पास झाल्या तर वकील, नाही तर पुन्हा फायली.

रोज सकाळी काकू भाजी चिरायच्या आणि काका वही धरून प्रश्न विचारायचे.

"गुन्ह्याला काय लागतं?"

"कृती आणि मन. दोन्ही एकत्र."

"नुसती कृती?"

"चुकून दुसऱ्याची छत्री उचलली तर चोरी नाही. मन चोराचं नाही."

"सिद्ध कोणी करायचं?"

"आरोप करणाऱ्याने. आरोपीने गप्प बसलं तरी चालतं."

"चोरीचं कलम?"

"एकशे पाच."

"चूक! एकशे चार!"

हे 'चूक' म्हणताना काकांना इतका आनंद व्हायचा की काकू सुरी खाली ठेवून त्यांच्याकडे बघायच्या. घरात तीस वर्षांत काकांना हा शब्द वापरायची संधी फारशी मिळाली नव्हती. सहा वर्षांत त्यांना निम्मा कायदा पाठ झाला. निम्माच झाला, हे पुढे महागात पडणार होतं.

परीक्षेच्या दिवशी हॉलवर दुसऱ्या कॉलेजातले एक तरुण पर्यवेक्षक होते. माणूस भलता शिस्तीचा. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर त्यांनी प्रत्येक बाकावरची कंपासपेटी, रुमाल, पाण्याची बाटली, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. काकूंचं चष्म्याचं घर उघडलं. आतलं मखमली अस्तर एका कोपऱ्यात सुटलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं आणि खालून कागदाची एक चपटी घडी निघाली. वरच्या पदरावर काकूंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'चोरी'.

पर्यवेक्षकांनी घडी उलगडलीसुद्धा नाही. नियमाप्रमाणे ती तशीच पाकिटात घातली, पाकीट लाख लावून बंद केलं, वर स्वतःची सही केली, काकूंची घेतली. उरलेला पेपर लिहू दिला, पण उत्तरपत्रिका वेगळी ठेवली. चौकशी होईपर्यंत ती तपासली जाणार नव्हती. कॉपी सिद्ध झाली तर दोन वर्षं परीक्षेला बंदी. आणि काकूंकडे दोन वर्षं नव्हती, दोन महिनेही नव्हते.

घरी आल्यावर काकू चपला न काढताच खुर्चीत बसल्या. "अहो, माझ्या चष्म्याच्या घरात कागद तुम्ही घातलात?"

"खडखडत होतं गं," काका म्हणाले.

नवा चष्मा लहान होता आणि घर जुन्या मोठ्या चष्म्याचं होतं. काकू चालायला लागल्या की पिशवीत टकटक व्हायची. काकांनी अस्तराखाली घडी सरकवली आणि विसरून गेले. कधी, ते त्यांना आठवेना. कागद कुठला, तेही आठवेना. ड्रॉवरमध्ये हात घातला, जो लागला तो घेतला. काकूंच्या फाडलेल्या वह्यांची पानं तिथे ढिगाने होती.

"मी काय घडीवर तारीख टाकतो?" काका रडकुंडीला येऊन म्हणाले.

काकू ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मी जे आहे ते सांगीन. कागद माझा, अक्षर माझं, ठेवला तुम्ही, मला माहीत नव्हतं. संपलं."

"विश्वास ठेवतील?"

"न ठेवायला काय झालं?" असं म्हणून काकू आत गेल्या, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

पुढचे तीन दिवस काकांच्या हातून एक घड्याळ धड जुळलं नाही. ज्या बाईने सहा वर्षं सकाळी पाचला उठून अभ्यास केला तिची पदवी आपण एका कागदाच्या घडीने घालवली, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी दुपारी एक भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले असताना त्यांना अचानक मार्ग दिसला. गुन्ह्याला कृती लागते आणि मन लागतं, दोन्ही एकाच माणसात. कागद सापडला काकूंकडे, म्हणजे कृती तिच्या बाजूला. तिथे काही करता येत नाही. पण मन आपल्याकडे घेतलं तर? कॉपी करावी हा विचार माझा, तिला पत्ताच नव्हता, असं मी सांगितलं तर? तिच्याकडे कृती आहे पण मन नाही, माझ्याकडे मन आहे पण परीक्षेला मी बसलोच नव्हतो. दोघांपैकी कोणाकडेच दोन्ही नाही. म्हणजे गुन्हाच नाही! काकांनी दोनदा पडताळून पाहिलं. हिशेब चोख होता. ते स्वतःवरच इतके खूश झाले की दुकान लवकर बंद करून घरी गेले. काकूंना मात्र त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही, कारण त्या 'नाही' म्हणतील याची त्यांना खात्री होती.

चौकशी दुसऱ्या दिवशी, प्राचार्यांच्या खोलीत, सकाळी अकराला. लांब टेबलामागे दोघंच. एक प्राचार्य, जे जमिनीचा कायदा शिकवत आणि माणसांकडेही मोजणी केल्यासारखं बघत. दुसऱ्या, फौजदारी कायदा शिकवणाऱ्या मॅडम, बारीक चणीच्या, केस पिकलेल्या, समोर कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन बसलेल्या. मधोमध ते पाकीट.

काकूंनी ठरवलं होतं तेवढंच सांगितलं. चार वाक्यांत.

"ज्याच्याजवळ कागद सापडला त्याने कॉपी केली, असा नियम आहे," प्राचार्य म्हणाले.

"नियमात शब्द 'बाळगणे' आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "माहीत नसलेली वस्तू कोणी बाळगत नाही. माझ्या पिशवीत तुम्ही पेन टाकलंत तर ते माझ्याजवळ आहे, पण मी बाळगलेलं नाही. आणि त्यांना माहीत होतं हे आपण दाखवायचं. माहीत नव्हतं हे त्यांनी नाही दाखवायचं."

"मग प्रत्येकजण म्हणेल, मला माहीत नव्हतं."

"म्हणेल ना. म्हणून तर तपासायचं. साक्षीदाराला बोलवा."

काका आत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. घसा खाकरून त्यांनी पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. "कागद मी ठेवला. कॉपीसाठीच ठेवला. हिला काही माहीत नव्हतं. मीच सगळी वही चाळली आणि सगळ्यात महत्त्वाचं पान निवडून ठेवलं, म्हणजे ऐन वेळी हिच्या उपयोगी पडेल. मन माझं होतं. हिचं नव्हतं. तेव्हा गुन्हा होत नाही."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

"काका, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"मी स्वतःच," काका म्हणाले. अजून त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"भिंतीपलीकडच्या बाईच्या चहात विष टाकून कप शेजारच्या मुलीच्या हाती पाठवला, तर काही माहीत नसलेली ती मुलगी सुटते. पाठवणारा सुटतो का? दुसऱ्याच्या हाताने केलं तरी ते तुम्हीच केलेलं असतं. कृती आणि मन असं दोन घरांत वाटून ठेवता येत नाही."

हे पान वहीत होतं का? असणारच. काकांनी ते कधी विचारलं नव्हतं.

"आणि मला सांगा," प्राचार्य पुढे झुकले, "ऐन वेळी उपयोगी पडावं म्हणून पान निवडलंत, आणि जिला उपयोग करायचा तिला सांगितलंच नाहीत? तिने शोधायचं कसं? नाही, नाही. हे नवराबायकोने मिळून केलेलं काम आहे. आत्तापर्यंत मला शंका होती. आता राहिली नाही."

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. अंगणातली सायकलींची रांग त्यांना त्या क्षणी फार महत्त्वाची वाटत असावी. आपण हिला वाचवायला आलो आणि हिला बुडवून बसलो, एवढंच त्यांना कळत होतं. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात काकू वळल्या. "सर, हे खोटं बोलताहेत."

"म्हणजे?"

"यांनी काही निवडलं नाही आणि कॉपीसाठी काही ठेवलं नाही. चष्मा खडखडत होता म्हणून हाताला लागला तो कागद घातला. हे घरातल्या प्रत्येक सैल वस्तूत कागद घालतात. मला वाचवायला खोटं बोलले. पण मला खोट्याने सुटायचं नाही."

"आता कोणाचं खरं मानायचं?" प्राचार्यांनी हात पसरले. "एकजण कबुली देतोय, दुसरी म्हणतेय कबुली खोटी."

"कबुली म्हणजे पुरावा न तपासायची सूट नव्हे," मॅडम म्हणाल्या. "काका सांगतात, सगळ्यात महत्त्वाचं पान निवडलं. चला, बघू या कुठलं ते." त्यांनी पाकिटाचं सील तोडलं, घडी बाहेर काढली आणि हलक्या हाताने उलगडली. आठ पदरी कागद, घडीच्या रेघांवर झिजलेला. एका बाजूला सुटलेल्या अस्तरातून चष्म्याच्या पितळी काडीचा हिरवट डाग महिनोन्‌महिने खोलवर बसलेला. मॅडमनी चष्मा सरसावला आणि मोठ्याने वाचलं, "चोरी. व्याख्या. कलम दोनशे दहा."

"चूक!" काका म्हणाले. "एकशे चार!"

शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुठे उभे आहोत. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मॅडम कागदावरून त्यांच्याकडे बघत होत्या.

"पुढे. बळजबरीची चोरी, कलम दोनशे वीस."

काकांनी तोंडावरचा हात काढला नाही.

"बोला ना, काका."

"एकशे नऊ," काका पुटपुटले.

"विश्वासघात, कलम दोनशे तीस."

"एकशे सोळा. आणि व्याख्यापण बदलली आहे. त्यात आता दोन ओळी जास्त आहेत."

मॅडमनी कागद प्राचार्यांसमोर सरकवला. "सर, हा जुना कायदा आहे. दोन वर्षांपूर्वी रद्द झाला. आकडे बदलले, काही व्याख्या बदलल्या. पेपर नव्या कायद्यावर होता. या कागदावरून एक उत्तर उतरवलं असतं तरी शून्य मिळालं असतं." त्या काकांकडे वळल्या. "आणि तुम्हाला नवी कलमं माझ्या निम्म्या वर्गापेक्षा चांगली येतात. मग तुम्ही मुद्दाम शोधून, निवडून, बायकोला नापास करणारं पान ठेवलंत का?"

"नाही हो," काका म्हणाले. "मी नुसती घडी घातली. कागद वाचलासुद्धा नाही. खडखडत होतं."

प्राचार्यांनी कागद हातात घेतला. हिरव्या डागावरून बोट फिरवलं. पाठीमागे पाहिलं. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, आणि बघता बघता हा मोजणी करणारा माणूस खो खो हसायला लागला. मॅडमही हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

प्राचार्यांनी हसू आवरून निकाल लिहायला घेतला. "संशयाचा फायदा देऊन—"

"सर," काकू म्हणाल्या. "संशय कुठे राहिलाय? अठ्ठावीस वर्षं मी निकालांच्या फायली लावते आहे. संशयाचा फायदा वेगळा आणि निर्दोष वेगळं. मला निर्दोष लिहून द्या."

प्राचार्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पेन्सिलीने टेबलावर एकदा टक् केलं. "बरोबर आहे त्यांचं." प्राचार्यांनी ओळ खोडली आणि नवी लिहिली. उत्तरपत्रिका तपासायला पाठवावी, तेही लिहिलं.

"काका," निघताना मॅडम म्हणाल्या, "यापुढे कोणाचा गुन्हा अंगावर घेऊ नका. घ्यायचाच असला तर आधी माझ्या वर्गात बसा."

दोघं बाहेर व्हरांड्यात आली. जिन्याच्या वरच्या पायरीवर काकू थांबल्या आणि काकांवर तुटून पडल्या. "खोटं बोललात! तिथे! त्या मॅडमसमोर! सहा वर्षं वही धरून बसलात आणि हे शिकलात? उद्या कोणाचा खून मीच केला म्हणून सांगत जाल! मला विचारायचं नाही, सांगायचं नाही, मनात आलं की चालले! मी तिथे बसले होते ना? मला तोंड नव्हतं?"

काका मान खाली घालून ऐकत होते. खरं सांगायचं तर त्यांना ते ऐकायला फार बरं वाटत होतं. पाच दिवसांत ती पहिल्यांदा ओरडत होती. त्यांच्या छातीवरचं ओझं एकेका शब्दाबरोबर उतरत होतं. त्यांनी मनातल्या मनात देवाचे, मॅडमचे आणि कायदा बदलणाऱ्या माणसांचे आभार मानले.

मग काकूंचा आवाज अचानक खाली आला. त्या पायरीवर बसल्या.

"मी लगेच नाही बोलले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही खोटं बोलायला लागलात, तेव्हा मी खिडकीकडे बघत बसले. मला दिसत होतं, तुम्ही स्वतःला अडकवताय. तरी गप्प बसले. म्हटलं, चाललंय तर चालू दे. त्यांनी खरं मानलं तर मी सुटेन. तुमच्यावर काय यायचं ते येऊ दे. असं आलं माझ्या मनात. सगळं, अगदी स्पष्ट." त्यांनी तोंड फिरवलं. "अशी बाई वकील होणार?"

काका त्यांच्या शेजारी बसले. गुडघे कुरकुरले. पाठ केलेलं काही म्हणायची त्यांची आता हिंमत नव्हती.

"माझ्यापण मनात आलं होतं," ते शेवटी म्हणाले. "तुला तिथे सोडून दारातून पळून जावं, असं. पाय दाराकडे वळलेच होते." त्यांनी खांदे उडवले. "मनात येतं त्याला शिक्षा करायला लागले तर बाहेर कोण राहील गं? तू बोललीस की नाही? खरं बोललीस. माझ्या विरुद्ध, तुझ्या विरुद्ध. मी ते ऐकलं."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या. पाच दिवसांचं, कदाचित सहा वर्षांचं, सगळं एकदम बाहेर आलं. काकांनी त्यांना थांबवलं नाही. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

काकूंच्या वर्गातल्या दोन मुली जिना चढून आल्या आणि घाबरून थबकल्या. चौकशीचं सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

"काय झालं, काकू?" एकीने हळूच विचारलं.

काकूंनी मान वर केली. त्यांचा चेहरा ओला होता, नाक लाल झालं होतं.

"सुटले," त्या म्हणाल्या.